होडी बघण्याचा कार्यक्रम, ग्वाल्हेर

समुद्र नाही, खाडी नाही, अशा ग्वाल्हेरला शिडाची होडी बघायला निघालोय म्हटल्यावर शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "बरी आहेस ना?" बरी होते. माझी सोळा वर्षांची मनवा खडकवासल्याला शीड चालवायला शिकली आहे, आणि तिला हवी तशी एकट्याने चालवायची जुनी होडी तिकडे विकायला होती. त्यात ती एकटी बसणार, म्हणून माझी अट होती: जाणकाराने तपासून ठीक म्हटलं तरच घ्यायची. मला स्वतःला पोहता येत नाही, हेही सांगून टाकते.

पुण्याहून थेट गाडी आहे, पण जवळजवळ एक दिवस जातो, तेव्हा डबा न्या. रिक्षाचे पैसे आधीच ठरवून घ्या. सकाळी सराफा बाजाराजवळ गरम बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि बटाट्याची झणझणीत भाजी खाल्ली. स्वस्तात पोट भरतं. मनवाने मात्र घासही घेतला नाही.

होडीचे मालक जाधवकाका हरिशंकरपुरममध्ये राहतात. फौजेतून निवृत्त झालेले, पिढ्यान्‌पिढ्या ग्वाल्हेरचे. "या, बसा! पहिले चाय घ्या, नाव कुठे भागून नाही चालली," म्हणाले. इतकी वर्षं जवळच्या धरणात होडी चालवली, आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून विकत होते.

तपासायला भोपाळहून त्रिवेदी साहेब आले होते. अंगणातल्या पत्र्याखाली त्यांनी होडी उलटी करवली आणि इंचाइंचावर ठोकून आवाज ऐकला. ओल मोजायचं यंत्र फिरवलं, सुकाणू हलवून पाहिलं. पुढच्या टोकाशी आले आणि थांबले. तिथे बारीक तड्यांचं जाळं होतं.

"टक्कर हुई है. एक बार नहीं, कई बार."

"टक्कर? माझी नाव आजतक कशाला लागली पण नाही!" काका लालबुंद झाले. मनवा माझ्याकडे बघेना. हा माणूस धडधडीत खोटं बोलतोय, असंच मला वाटलं आणि नकार कसा द्यायचा ते मी मनात जुळवू लागले.

तेवढ्यात चहा घेऊन काकू बाहेर आल्या. "अहो, नारळ!"

काकांचं घराणं शिपाईगिरीचं. खंडेनवमीला पूजायला घरात तलवार उरली नाही, म्हणून ते होडीलाच हळदकुंकू वाहतात, झेंडूचा हार घालतात आणि तिच्याच नाकावर नारळ फोडतात!

"हर साल सांगते, खाली दगडावर फोडा. ऐकतील तर ना!" काकू म्हणाल्या.

त्रिवेदींनी तडे खरवडले, आतून ओल पुन्हा मोजली. "सिर्फ़ ऊपर की परत है. अंदर सूखी है, मज़बूत है. डोलकाठीच्या तारा तेवढ्या बदला," आमच्यासाठी शेवटचं वाक्य त्यांनी मराठीत सांगितलं.

मी तिथेच पायरीवर बसले. हसूही आलं, डोळेही भरले. होडी चांगली निघाली याचा आनंद होताच, काका खरे निघाले याचा जास्त झाला.

मग मनवाला कडकडून भूक लागली. जेवून किला गेटकडून किल्ला चढलो, उतरताना तीळगुळाची कुरकुरीत गजक घेतली. थंडीत गेलात तर घ्याच. जुनी होडी घेणार असाल तर तपासणी मालकाच्या घरच्यांसमोर करा, एवढा अनुभवाचा सल्ला.

होडी ट्रकने आली, तारा बदलल्या. याआधी मनवा पाण्यात असेपर्यंत मी काठावरून हलले नव्हते. परवा ती ही होडी घेऊन एकटी निघाली, शीड लहान लहान होत गेलं, आणि मी भाजी आणायला मंडईत गेले.