तोंडावरचं उपरणं

माझा दीर माळकरी. दारूच्या बाटलीला त्यानं कधी हात लावला नाही. पण उसाचा ट्रॅक्टर घेऊन कारखान्याच्या रांगेत दोन-दोन दिवस बसायचं, कंबर पार मोडायची. मग टपरीवर मिळणाऱ्या दुखण्याच्या कॅप्सूल घ्यायचा. "वहिनी, हे औषध हाय, नशा न्हाय," म्हणायचा. मी गावची आशा कार्यकर्ती, तरी मला ते पटायचं. त्याचीच आज चीड येते.

त्या दुपारी मी त्याची भाकरी घेऊन रांगेत गेले. तो ट्रॉलीच्या सावलीत आडवा, तोंडावर उपरणं टाकलेलं. बाकीच्या ड्रायव्हरांनी मला बाजूला घेतलं. "ताई, आज कॅप्सूलची लईच झालीय त्याला. माळकरी मानूस, लोकांनी बघाय नको म्हनून झाकलंय. उतरंल थोड्या येळानं." आणि मी, घराची अब्रू सांभाळणारी मोठी शहाणी, भाकरी मांडीवर घेऊन तिथंच बसले. अर्धा तास! उपरणं उचललं तेव्हा ओठ काळेनिळे पडले होते. श्वास नव्हता.

जीपनं कळंबच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, खिशातलं कॅप्सूलचं रिकामं पाकीट बघितलं. म्हणाले, "या कॅप्सूलमध्ये अफूच्या जातीचं औषध असतं, जास्त झालं की श्वास थांबतो. त्याच्यावर नॅलोक्झोन नावाचं उतारा-औषध असतं. श्वास मंदावला तेव्हाच मिळालं असतं तर वाचला असता. नाकात फवारायचंही येतं, घरची माणसंसुद्धा देऊ शकतात."

घरची माणसं म्हणजे मीच की! आरोग्य केंद्रातल्या आशांच्या पुढच्या बैठकीत मी उठून तालुक्याच्या साहेबांकडं ते औषध मागितलं. गावागावांत आशांकडं द्या, रांगेतल्या ड्रायव्हरांना शिकवा म्हटलं. साहेब हसले. "बाई, असं वाटत सुटलो तर लोक बिनघोर गोळ्या खातील."

माझं डोकं फिरलं. "साहेब, दवाखान्यात साप चावल्यावरचं इंजेक्शन ठेवता. म्हणून लोक मुद्दाम सापावर पाय देतात का?"

साहेबांनी पुढचा विषय घेतला.

यंदाचं गाळप सुरू झालंय. टपरी तिथंच आहे, कॅप्सूलही आहेत. मी रोज दुपारी रांगेतनं फिरते आणि झोपलेल्या प्रत्येकाच्या तोंडावरचं फडकं ओढते. शिव्या खाते, पण ओढते. श्वास चाललाय का बघते. उद्या एखाद्याचा चालत नसला, तर त्याला द्यायला माझ्या पिशवीत तापाच्या गोळ्या आहेत आणि ओआरएसच्या पुड्या.