भावासारखा म्हणून पाजली

"झटक, झटक! त्या बघ मानंवर चढल्या!" आबा ओरडले आणि ओसरीवरचे पाहुणे खदाखदा हसले.

खाली अंगणात माझा नवरा स्वतःचं अंग ओरबाडत होता. मुंग्या काढत होता. अंगावर एकही मुंगी नव्हती. मानेतून रक्त निघालं होतं.

आबा गावचे बागायतदार; देवळाली प्रवरेजवळ त्यांचा ऊस. दुष्काळात त्यांनी विहीर खोल करायला घेतली. सुरुंगाचं काम माझ्या नवऱ्याकडं. धीराचा माणूस. दारूला कधी शिवला नव्हता. एकदा सुरुंग अवेळी उडाला, जोडीदार डोळ्यांदेखत गेला. त्यानंतर ह्याचा पाय विहिरीत उतरेना. आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "घे थोडी. भीती जाती. तू मला भावासारखा हायेस."

भावासारखा! आमच्या वस्तीतल्या माणसाला गावात असं कुणी म्हटलं नव्हतं. मीसुद्धा हरखले.

भीती गेली नाही. दारू उतरली की दुप्पट होऊन यायची. मग सकाळीच लागायची; आबा रोज बाटली धाडायचे. झोप उडाली. गाणं म्हणणारा माणूस भिंतीकडं तोंड करून रडायचा. मी भाकरीत विष घालते म्हणायचा. विहिरीला पाणी लागलं, आणि आबांनी बाटली एकदम बंद केली. दोन दिवसांत मुंग्या आल्या, आणि तशातच हा बाटली मागायला आबांच्या अंगणात गेला.

मी अंगणात गेले. पदरानं त्याची मान पुसली.

"घिऊन जा तुजं येडं," आबा म्हणाले. "तुमच्या लोकांच्या रक्तातच हाय ते."

त्या ओसरीकडं मी कधी मान वर करून बघितलं नव्हतं. तेव्हा बघितलं.

"रक्तात न्हाई, आबा. तुमी घशात वतलं. भाऊ म्हनून वतलं."

मी नवऱ्याचा हात धरला आणि निघाले.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, रोजची दारू अशी अचानक तुटली की माणसाला नसलेलं दिसतं, जीवही जातो. ह्याचा जीव वाचला. मुंग्या गेल्या. पण माणूस पहिल्यासारखा झाला नाही. नावं विसरतो. माझंही.

पुढं आबांनी वरच्या मळ्यात दुसरी विहीर काढली. त्यांचा गडी नव्या सुरुंगवाल्यासाठी बाटली घेऊन वस्तीत आला. त्या सुरुंगवाल्याच्या दारात मी आडवी उभी राहिले. बाटली हिसकावली, दगडावर फोडली.

"आबांना सांग," मी म्हणाले, "आमची मानसं शुद्धीत उतरतील. न्हाईतर उतरनारच न्हाईत."