जाहेदाचे कोपरे

सरदार मिस्त्रीची मोरी गळत नाही, असं पुंडलिकनगरपासून बजाजनगरपर्यंत लोक सांगतात. पण ती मोरी एकट्या सरदारची कधीच नव्हती, हे मात्र कुणी सांगत नाही. सिमेंट, ढाळ आणि टाइल त्याची. कोपरे त्याच्या बायकोचे, जाहेदाचे. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ती त्याच्या हाताखाली कामाला आली आणि बावीस वर्षं राहिली. ‘हाताखाली’ हे आपलं बोलायला. कोण कुणाच्या हाताखाली आहे, ते घरमालकांना पहिल्याच दिवशी कळायचं.

टाइल लावायच्या आधी मोरीला पाणी अडवणाऱ्या केमिकलचा हात मारतात. पण त्याच्याही आधी, भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यांत जाळीच्या कापडाची पट्टी दाबून बसवावी लागते, कारण पाणी आधी तिथूनच वाट काढतं. ते काम जाहेदाचं. तिचा अंगठा बारीक, थेट कोपऱ्यात शिरायचा. मग मोरीत पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलीनं पातळीची ओळ मारायची आणि दोन दिवस थांबायचं. ओळही तीच मारायची आणि नवऱ्याला दम द्यायची, “परसों पानी यहींच मिलना, सुने क्या?”

ती जूनमध्ये तापाचं निमित्त होऊन तीन दिवसांत गेली. कबरीवर आडव्या फरशा ठेवल्या, तेव्हा सरदारला आधी त्यांच्यातल्या फटी दिसल्या. त्यानं ओली माती घेतली आणि एकेक फट अंगठ्यानं नीट बुजवली. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस! धीर कसला डोंबलाचा? त्याला काही वाटतच नव्हतं. चाळिसाव्या दिवशी सगळे दुआ मागत होते आणि हा समोरची फरशी अर्धा सूत वर आलीय ते बघत बसला होता. सासरहून आलेली आमरीन त्याला म्हणाली, “अब्बा, एक बार रो लेव.” त्यानं लेकीकडे बघून मान हलवली आणि चहा संपवला.

त्यानंतरचं पहिलं काम करुणाताईंचं. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, दुसऱ्या मजल्यावर राहतात. वडील अप्पाराव ऐंशीच्या पुढचे. त्यांचा पाय उंबऱ्यावरून उचलत नाही, म्हणून शॉवरचा कोपरा जमिनीच्या सपाटीत हवा होता. शिवाय जुनी मोरी खालच्या सुलेखाच्या ओट्यावर ठिबकायची, त्यावरून दोघींचं दोन वर्षं बोलणं बंद. ‘आता एक थेंब जरी आला तर बघा,’ असा निरोप तिनं आधीच वर पाठवला होता. करुणाताईंचा सगळा भरवसा सरदारच्या नावावर होता आणि सरदारजवळ आता नावच तेवढं उरलं होतं.

केमिकल वाळल्यावर त्यानं दाराशी विटांचा बांध घातला, पाइपाच्या तोंडात बोळा कोंबला आणि चार बादल्या पाणी मागितलं.

“चार?” करुणाताई दचकल्या. “सरदारभाई, आमचा नळ आठवड्यातून एकदा येतो. लावून टाका ना टाइल सरळ.”

“नाय ताई. दोन दिस पाणी थांबल्याबिगर टाइल नाय.”

त्यांनी ड्रममधून जपून पाणी काढून दिलं. पेन्सिलीची ओळ सरदारनं स्वतः मारली. जरा वाकडीच आली.

दोन दिवसांनी येऊन बघतो तर पाणी ओळीच्या बोटभर खाली. तेवढ्यात सुलेखा वर आली. तिच्या छताला तळहाताएवढी ओल धरली होती. ती दारात उभी राहून तोंडाला येईल ते बोलली, करुणाताई रडवेल्या झाल्या. सरदारला लाज वाटायला हवी होती. तीही वाटली नाही. उलट, खरं सांगायचं तर त्याला जरा बरंच वाटलं. जाहेदा नाही म्हटल्यावर गळणारच की.

उरलेलं पाणी त्यानं बादलीत काढलं, तळ पुसला आणि कोपऱ्यांतून बोट फिरवलं. पट्टी नव्हती. एकाही कोपऱ्यात नव्हती. नुसतंच केमिकल मारलं होतं.

“विसरलात?” करुणाताईंनी विचारलं.

“विसरलो नाय, ताई.” त्यानं दाराकडे बोट दाखवलं. भिंतीला लागून, मापानं कापलेल्या जाळीच्या पट्ट्या घडी घालून ठेवल्या होत्या. “कापून तितं ठिवल्या. दाराजवळ ती बसायची. मला वाटलं, ती करंल.”

सिमेंटचा भाव सांगावा तसं त्यानं ते सांगितलं. सुलेखा पायऱ्या उतरून खाली गेली. करुणाताई उगाचच चहा ठेवायला आत गेल्या.

सरदारनं कोपरे खरवडले आणि पट्ट्या घेऊन बसला. त्याचा जाडा अंगठा कोपऱ्यात मावेना, मग करंगळीनं एकेक पट्टी दाबत नेली. पुन्हा केमिकलचे हात मारले, वाळू दिले. पाणी भरायची वेळ आली तेव्हा करुणाताईंच्या ड्रमात खडखडाट होता. सुलेखानं खालून चार बादल्या आणून दिल्या. स्वतःचा ओटा वाचवायला म्हणा, की आणखी कशासाठी.

तिसऱ्या दिवशी सकाळी ‘छत कोरडं आहे’ असं सुलेखानं खालूनच ओरडून सांगितलं. सरदार मोरीत वाकला. पाणी ओळीला टेकून उभं होतं, जराही हललं नव्हतं.

“जमलं की हो!” करुणाताई म्हणाल्या.

तो दाराजवळ, पट्ट्या ठेवल्या होत्या तिथं बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. करुणाताईंना वाटलं, काम फत्ते झालं म्हणून रडतोय. पण जाहेदावाचूनही मोरी गळली नाही, हेच त्याला सोसलं नव्हतं.