मधली धूळ
त्या हंगामात आमच्या घरात कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. कोडोलीजवळ आमचं गुऱ्हाळ. वडील, म्हणजे आप्पा, गुळव्या. उकळत्या रसाचा रंग बघून काईल, ती रसाची मोठी कढई, चुलीवरून कधी उतरवायची हे ते ठरवायचे, आणि धाकटे काका रसावरची मळी काढायचे. यंदा मात्र आप्पांना गूळ तांबडा दिसायला लागला. रोज काकांवर खेकसणं, "मळी नीट काढत न्हाईस. माझं नाव घालवतोस." आम्हाला सगळ्यांना तोच गूळ पिवळाधमक दिसायचा. पण गुळव्याला रंग शिकवायचा कुणी? शेवटी एका दुपारी काका उठून आपल्या घरी गेले ते परत आलेच नाहीत. सख्खे भाऊ, आणि बोलणं बंद.

मी कोल्हापुरात कॉलेजवर फिजिक्स शिकवते. तोंड माझंही आप्पांसारखंच फटकळ. "एकदा डोळे दाखवून या," मी म्हणाले, तर आप्पा म्हणे, "माझ्या डोळ्याला काय धाड भरलीया?" डोकंच फिरलं माझं. आठवडाभर नुसती तणतणत होते, भांडी आपटत होते.

रविवारी संध्याकाळी घराच्या पुढच्या सोप्यात बसून वर्गासाठी तेजोमेघांचे फोटो निवडत होते. एकातही मन लागेना. आप्पा शेजारी येऊन टेकले.

"ह्यो तारा एवढा मळकट का गं?"

"मधी धूळ हाय, आप्पा. धुरासारखी बारीक. ती निळा उजेड जास्त अडवती, तांबडा बराचसा सोडती. म्हणून मागचा तारा मंद आन तांबूस दिसतोय."

"आन ताऱ्याला काय झालंय?"

"ताऱ्याला कुठं काय झालंय? त्यो हाय तसाच हाय. मधल्या धुळीचा हिशेब धरला की त्याचा खरा रंग कळतोय."

 मला वाटलं, आप्पा आता भडकणार. पण त्यांनी एक डोळा हातानं झाकून स्वतःच्या धुतलेल्या पांढऱ्या धोतराकडे बघितलं. मग दुसरा झाकून बघितलं. "धोतर बी तांबूसच दिसतंय," ते पुटपुटले. 

"तुझ्या काकाला फोन लाव."

लावला, स्पीकरवर. आप्पांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"उद्यापासनं काईल तू उतरव. मला रंग दिसंना झालाय."

उभा जन्म त्या रंगावर काढलेला माणूस हे म्हणाला, आणि मला रडू आवरेना. 

"दाक्तरकडं कवा जायाचं, दादा?" काका म्हणाले. "मी येतो संगं."