भिंतीवरच्या वाट्या

धुरपताबाईंनी माझी माणसं अंगणातूनच परत पाठवली, तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. तो अजून पुरता गेलेला नाही, म्हणून तर हे लिहायला बसलो.

माझा धंदा ओल्या घरांचा. पाणी शिरलेलं घर वाळवायचं, फुगलेलं प्लास्टर खरवडायचं, नवीन करायचं, पुट्टी-रंग मारून मालकाच्या हवाली करायचं. गोंदियात रंगवाले पुष्कळ, पण मोठे पंखे आणि भिंतीतली ओल मोजायचं मीटर माझ्याकडेच, असं मी येईल त्याला ऐकवतो. गेल्या ऑगस्टमध्ये शहरालगतच्या मुर्रीत नाल्याचं पाणी घुसलं आणि एका गल्लीत तीन दिवस मांडीपर्यंत उभं राहिलं. त्या गल्लीतली सात घरं मला मिळाली. सहा घरच्यांनी दार उघडून दिलं आणि ते बाजूला झाले. सातवं घर धुरपताबाईंचं होतं.

वय अठ्ठावन्न. माहेर अर्जुनी मोरगावकडचं, कोहळी समाजातलं. नवरा कवडू तरुणपणीच गेला. तेव्हापासून एकतीस वर्षं बाईंनी राईस मिलमध्ये काढली. वाफवलेलं धान अंगणभर पसरायचं, उन्हात पायांनी उलटवायचं आणि वाळलं की नाही ते दाताखाली दाणा फोडून सांगायचं, हे त्यांचं काम. शेठने ओल मोजायचं यंत्र आणलं. यंत्र म्हणालं वाळलं, बाई म्हणाल्या ढिगाच्या पोटात ओल आहे. शेठने यंत्राचं ऐकलं आणि भरडताना निम्म्या तांदळाचा तुकडा झाला. त्यानंतर यंत्र टेबलावर राहिलं आणि शेठ अंगणात येऊन बाईंना विचारू लागला. त्याच मजुरीवर त्यांनी दोन खोल्या बांधल्या आणि मुलाला शिकवलं.

मुलगा कुशल रायपूरला नोकरीला आहे. मला काम दिलं ते त्याने, फोनवरून. पोरगा वाईट नाही. पुरानंतर आईला खोकला धरला होता आणि तिथे बसून त्याला झोप लागत नव्हती. त्याने आईला अट घातली, की मंडईपर्यंत घर राहण्यासारखं झालं तर ठीक, नाही तर मी तुला रायपूरला घेऊन जाईन आणि घर भाड्याने देईन. बाईंनी कबूल केलं होतं. दिवाळी आटोपली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, घरोघर पाहुणे येतात, रिकामी खाट सापडत नाही. म्हणजे मुदत पक्की होती.

पहिल्याच दिवशी बाई मला म्हणाल्या, "मले हे घर सोडाचं नाही, बाबू. तिकडं तिसऱ्या मजल्यावर बसून मी का करू? काम नीट कर."

"मावशी, तुम्ही बिनघोर राहा," मी म्हणालो. मी सगळ्यांना हेच म्हणतो.

बाई पलीकडच्या रुख्माच्या ओसरीत राहायला गेल्या. माझ्या कारागिरांनी कमरेपर्यंतचं प्लास्टर काढून विटा उघड्या केल्या. सप्टेंबरात पाच दिवस पंखे चालवले. मीटर लावलं, हिरवा दिवा लागला. दुसऱ्या दिवशी प्लास्टर सुरू करायचं ठरलं. संध्याकाळी बाई मुरमुऱ्यांचा डबा, चिंध्या, दोन स्टीलच्या वाट्या आणि मळलेली कणीक घेऊन हजर. मुरमुऱ्यांची पुरचुंडी खिळ्याला अडकवली, वर वाटी पालथी घातली आणि कडेने कणीक थापून ती भिंतीला घट्ट बसवली. एक इकडे, एक तिकडे.

"हे काय, मावशी?"

"तुह्या मीटरची परीक्षा."

माझे कारागीर खो खो हसले. मीही हसलो, उगाच कशाला लपवू. सकाळी बाईंनी पुरचुंडी सोडली, चार मुरमुरे तोंडात टाकले आणि बराच वेळ चघळत राहिल्या.

"आवाज नाही. भिंत ओली हाये."

"मावशी, मीटर झूठ नहीं बोलता."

"झूठ कोन म्हनते? ते वरची साल सांगून राहिलं. मले पोटातलं पाहिजे."

मी समजावून पाहिलं. थांबलो तर मंडईपर्यंत घर होत नाही आणि घर झालं नाही तर तुम्हालाच जावं लागतं, हेही सांगितलं. बाई ढिम्म. शेवटी मी आमच्या धंद्यातली युक्ती काढली. प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतात, लाकडासारख्या दिसतात. म्हटलं, दोन दिवसांत सगळ्या भिंती झाकून टाकतो, घर नवरीसारखं दिसेल, कुशलला मागचं काही कळणारही नाही.

"अन् मांगं ओल सडल त्याचं? आमी कोहळी हावो, बाबू. आमच्या बापजाद्यायनं तलाव बांधले. पानी कोंडलं तं कुठून फुटते, हे मले नको शिकवू. तुह्या मानसायले घेऊन जा. मी बोलावीन तवा ये."

पंधरा वर्षांत मला असं कोणी हाकललं नव्हतं. मी तणतणत गाडीत बसलो आणि उरलेली सहा घरं झटपट उरकली. दिवाळीला ती सहाही घरं चकचकत होती, गुलाबी, पोपटी, आकाशी. मधोमध बाईंच्या घराच्या विटा उघड्या. येणारा-जाणारा डोकावून हसायचा. रुख्मा म्हणाली, पाहुण्यांसाठी तरी चुना मारून घे. बाईंनी तिलाही वाटेला लावलं. सकाळी दारं-खिडक्या सताड उघडायच्या आणि संध्याकाळी वाट्या चिकटवायच्या, हा क्रम त्यांनी एक दिवस चुकवला नाही. तिकडून कुशल मला फोनवर झापायचा. "तुम्ही प्रोफेशनल लोक ना? आईने नको म्हटलं म्हणून काम बंद?" मी म्हणायचो, तुमच्या आईसमोर तुम्हीच येऊन उभे राहा.

तो आला मंडईच्या दिवशी. मीही त्याच गल्लीत होतो, पण सुखाने नव्हे. बाईंचे शेजारी उमेंद्रभाऊ यांनी बोलावलं होतं. त्यांच्या बैठकीतला रंग पुरीसारखा फुगला होता आणि खाली लोणा, म्हणजे ओलीचा पांढरा खार, फुटला होता. पाहुणे येणार म्हणून त्यांनी त्या भिंतीवर बायकोची नवी साडी पडद्यासारखी टांगली होती. मी साडीआड शिरून अंगठ्याने पापुद्रे काढत होतो आणि उमेंद्रभाऊ माझ्या घराण्याचा उद्धार करत होते. तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली.

"हिमांशुबाबू, इकडं ये. कुशल आला."

मी गेलो. कुशल बाहेरच्या खोलीत उभा होता. जमीन सारवल्यासारखी स्वच्छ, भिंती कमरेपर्यंत उघड्या. त्याचा चेहरा उतरलेला.

"माय, ठरलं होतं ना आपलं?"

"ठरलं होतं. राहण्यासारखं पाहिजे, असंच बोलला होता ना तू? चार दिवस झाले, मी या खोलीत झोपून राहिली. खोकला आयकू येऊन राहिला का?"

बाईंनी भिंतीवरची वाटी काढली, पुरचुंडी सोडली आणि मुरमुरे त्याच्या तळहातावर ओतले. "खा." त्याने तोंडात टाकले. कुरकुर मला दारात ऐकू आली. सांगायला लाज वाटते, पण माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. बाई जिंकल्या, असं वाटलं.

पण बाई आतल्या खोलीत गेल्या आणि दुसरी वाटी घेऊन आल्या.

"आता हे खा. हे उत्तरेकडच्या भिंतीचे."

त्याने खाल्ले. काही आवाज झाला नाही.

"मऊ आहेत," कुशल म्हणाला.

"हो. ते भिंत आजूनबी ओली हाये."

मला राहवलं नाही. "मावशी, ही वाटी कायले दाखवली? पहिलीवरच भागत होतं."

त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नाही, पण मला एक पाऊल मागे सरावंसं वाटलं.

"लबाडी करून राहाचं असतं तं तुह्याच हातानं रंग नसता का मारला?"

शेजारून उमेंद्रभाऊंचा आवाज येत होता, पाहुण्यांना ते साडीपासून लांब बसायला सांगत होते. कुशलनेही तो ऐकला. तो आईच्या खाटेवर टेकला आणि त्या मऊ मुरमुऱ्यांची वाटी हळूहळू संपवू लागला. आईला न्यायला आणलेली मोठी रिकामी बॅग दाराशी होती. ती त्याने पायाने खाटेखाली सरकवली.

मग त्याने मला विचारलं, "उत्तरेकडच्या भिंतीला अजून किती दिवस लागतील?"

मीटर माझ्या खिशातच होतं. मी ते काढलं नाही. धुरपताबाईंकडे पाहिलं.

"तीन हप्ते," त्या म्हणाल्या. "वाळली का मंग बोलावीन याले."