नियत साफ, रस्सा पातळ

पहिल्यांदा खटकल्या त्या चपला. दर शुक्रवारी दुपारी चांदबी चाचीच्या घरी आमचा बायकांचा दर्स असतो, म्हणजे धर्माच्या गोष्टी शिकायचा वर्ग. दाराबाहेर चपलांचा असा ढीग पडतो की एक माझी आणि एक रेश्मा भाभीची अशी जोडी घालून मी घरी गेलेली आहे. त्या दिवशी बाहेर आले तर सगळ्या चपला जोडीजोडीनं, रांगेत, तोंडं रस्त्याकडं. वाटलं, चोरानं नीट निवडून ठेवल्यात, आता पिशवी आणायला गेलाय.

माझा स्वभावच तसा. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते, आणि कुकर मीच लावलेला असतो.

चोर वगैरे कुणी नव्हतं. आदल्या शुक्रवारी आमच्या नसीम आपांनी जे बजावलं होतं, त्याचा तो परिणाम होता. आपा उर्दू शाळेतून रिटायर झालेल्या. आवाज हळू, पण चष्म्यावरून बघायला लागल्या की भल्याभल्या गप्प होतात. त्या म्हणाल्या होत्या, "वर्षभर तुम्ही ऐकताय, माना हलवताय, चहा पिताय आणि घरी जाताय. आता एक महिना तसं वागून बघा. पण दाखवायला न्हाय. सगळं नियतवर असतंय. उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू नये, अशी नेकी करा. न्हाय जमलं तर वर्ग बंद. माझे गुडघे काय फुकट आलेले न्हाईत."

बाकीच्या हसल्या. मी ओढणीचं टोक चावत बसले. मी बी.एस्सी. होऊन घरी बसलेय. लग्नात, दवाखान्यात, रिक्षा स्टॉपवर, जाईन तिथं मला दोन प्रश्न असतात: नोकरीचं काय, आणि लग्नाचं काय? फक्त ह्या वर्गात ते कुणी विचारत नाही. कारण ज्याच्याशी आपला संबंध नाही ते सोडून द्यावं, हे आपांनी पहिल्याच दिवशी शिकवलंय. वर्ग बंद पडला तर शुक्रवारसुद्धा त्या दोन प्रश्नांना जाणार.

तर तो महिना. अख्ख्या गल्लीतल्या बायका एकाच वेळी, एकमेकींना न सांगता चांगलं वागायला लागल्या की किस्से असे साठतात की कपाट उघडलं की अंगावर पडावेत.

*

रस्त्यातली त्रासाची वस्तू बाजूला करणं हीसुद्धा नेकी, हे चाचीनं मनावर घेतलं. पहाटेची, फजरची नमाज झाल्यावर, गल्लीत कुणी नाही बघून, तिनं चढावरचा एक मोठा धोंडा दोन्ही हातांनी उचलला आणि गटाराकडेला टाकला.

तो धोंडा मारुती मामांच्या टेम्पोच्या चाकाला लावलेला होता. मामा आमच्या समोरच राहतात, दुधाचे कॅन पोचवतात. टेम्पोचा हँडब्रेक, त्यांच्याच शब्दांत, "जरा मवाळ" आहे.

टेम्पो कसलीही घाई न करता उतारावरून निघाला आणि पिठाच्या गिरणीच्या शटरला जाऊन टेकला. रिकामे कॅन असे वाजले की मी झोपेतून थेट पलंगाखाली.

मामा बनियनवर बाहेर आले. "माझा धोंडा कुणी काढला?"

गल्ली जमली. चाची सगळ्यात पुढं. तिनं तोंड उघडलं आणि परत मिटलं. नेकी सांगितली की गेली ना.

"चाची, तुमी लवकर उठताय की. काय बघितलासा काय?"

"मारुती," चाची म्हणाली, "काय काय गोष्टी अल्लाला म्हाईत असल्या म्हंजे बास."

"व्हय, पण गिरणीवाल्याला काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोच्या चारही चाकांना, पुढून आणि मागून, धोंडे होते. मामांचं दूध त्या दिवशी दुपारी पोचलं.

*

मग शेजाऱ्याचा हक्क. रस्सा करताना पाणी थोडं जास्त घालावं आणि शेजाऱ्यालाही द्यावं, असं आपांनी सांगितलं. अम्मीनं रविवारी पांढरा रस्सा केला, पाणी वाढवलं, डबा भरला. "रेश्माच्या दारात ठेव, बेल वाजव आणि पळ. कुणी दिला ते कळता कामा न्हाय."

मी बेल वाजवली, बेलला दचकले आणि पळाले.

संध्याकाळी आमची बेल वाजली. दारात माणूस नाही, नुसता डबा. अम्मीला भरून आलं. "बघ, अजून माणुसकी हाय." तिनं झाकण काढलं आणि डबा उजेडाकडं धरला.

"ह्ये काय हाय?"

"रस्सा असावा," मी म्हणाले.

"डब्याचा तळ दिसतोय की गं."

तळच काय, तळावर कोरलेलं अब्बांचं नावसुद्धा स्वच्छ वाचता येत होतं. आमचाच डबा. आमचाच रस्सा. दर घरानं थोडा घेतला, थोडं पाणी घातलं, पुढच्या दारात ठेवला आणि पळाले. असा गल्ली फिरून तो माहेरी आला होता.

अब्बांनी चमचाभर चाखला. "टाकू नकोस," ते म्हणाले. "नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला व्हईल."

*

नजर झुकवून चालावं, हे मला सोपं वाटलं होतं. मी तशीही कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. अम्मीबरोबर मंडईत गेले आणि तिच्या मोरपंखी चपलांवर नजर ठेवून मागं मागं चालायला लागले. चपला मेथीजवळ थांबल्या, मीही थांबले. चपला बसमध्ये चढल्या, मीही चढले. वाटलं, अम्मीला मामूंकडं जायचं असेल.

शेजारी बसल्यावर मला एकदम मन मोकळं करावंसं वाटलं. बसभर मी खाली बघत बोलत होते. वर्ग बंद पडला तर मी काय करू, मला बाकी कुठंच करमत नाही, लोक भेटले की पळून जावंसं वाटतं, सगळं सांगितलं. कधी नव्हे ते अम्मी मधे एक शब्द बोलली नाही.

कळंब्याला चपला उठल्या.

"पोरी, कोण म्हणायचं तू?"

मी वर बघितलं. कपाळाला मोठं कुंकू, हातात कोथिंबीर, अनोळखी बाई.

"चांगलं बोलत हुतीस, म्हणून मधी तोंड घातलं न्हाय," त्या म्हणाल्या. "भिऊ नगंस. वर्ग काय बंद पडत न्हाय तुझा." दोन पायऱ्या उतरल्या आणि परत वळल्या. "आणि लग्नाचं काय?"

*

गीबत बंद, म्हणजे पाठीमागं कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. त्या शुक्रवारी चहा आला आणि कुणालाच विषय सुचेना. चाचीच्या घरात पंखा वाजतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

शेवटी रेश्मा भाभीनं तोडगा काढला. "पाठीमागं नको ना? मग समोर बोलूया की. चाची, तुमच्या चहाला चव नसत्या."

"आणि तुझ्या पार्लरात गेलेल्या भुवया परत येत न्हाईत," चाची म्हणाली.

चहा संपायच्या आत वर्षभर कोण कुणाबद्दल काय बोलत होतं, ते सगळ्यांना समजलं.

आपा कप खाली ठेवून म्हणाल्या, "ह्यापेक्षा ती गीबतच..."

पण आपा त्या आपाच. वाक्य पुरं केलं नाही.

*

महिन्याचा शेवटचा शुक्रवार. आपांनी विचारलं, "कुणाला काय जमलं?"

सांगणार कोण? सांगितलं की दिखावा झाला.

"मला तर काहीच जमलं नाही आपा," भाभी खाली बघत म्हणाली. "माझ्यासारखी नालायक मीच."

"तू कसली नालायक?" चाची म्हणाली. "मी तुझ्या किती मागं हाय."

"नाही चाची, मी तुमच्याहून मागं."

"ए, वयाचा तर मान राख. ह्या गल्लीत माझ्याइतकी नम्र बाई काढून दाखव, हितंच शरण येतो."

"मी आहे की!"

अम्मी एवढा वेळ बोलली नव्हती. ती हळूच म्हणाली, "मी माझी नम्रता कधी बोलून दाखवत न्हाय."

आपांनी चष्मा काढला, मिटला, डबीत ठेवला. "झाला महिना," एवढंच म्हणाल्या आणि उठल्या. पुढच्या शुक्रवारी आल्याच नाहीत. मी फोन केला, लागला नाही. मला रात्रभर ते दोन प्रश्न ऐकू येत होते.

*

शनिवारी आम्ही चौघी आपांच्या घरी गेलो. चाची, भाभी, अम्मी आणि मी. वाटेत चाचीनं बेत सांगितला. "सलामचा जवाब द्यायलाच लागतोय. कितीबी राग असू दे. त्यांनी जवाब दिला की आत घुसायचं."

"घुसायचं नाही," भाभी म्हणाली. "परवानगी मागायची, तीन वेळा. तिसऱ्यांदाही जवाब आला नाही तर मुकाट्यानं माघारी. त्यांनीच शिकवलंय. आणि दाराकडं तोंड करून उभं राहायचं नाही, आतलं दिसतं."

आपांचं दार एका अरुंद बोळात आहे. आम्ही दाराच्या बाजूला, समोरच्या भिंतीकडं तोंड करून, ओढण्या सावरून, रांगेत उभ्या राहिलो. भिंतीवर पाण्याच्या टाकीची जाहिरात होती. चौघी ती वाचत होतो.

हाक कोण मारणार? चाचीची हाक शिरोळपर्यंत जाईल. आपांसमोर झालेलं भाभीचं भांडण ताजं. अम्मीची नम्रता आडवी आली. राहिले मी.

"अस्सलामु अलैकुम," मी म्हणाले.

"म्हण की," चाची म्हणाली.

"म्हटलं."

"मला आलं न्हाय ऐकू. आणि मी तुला चिकटून उभी हाय."

दुसऱ्यांदा सुरुवात बरी झाली होती. तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी कुणीतरी मोटरसायकलचा हॉर्न दाबला आणि माझ्या सलामची अर्ध्यात किंकाळी झाली.

"ही धरायची काय?" अम्मीनं विचारलं.

"नियत सलामची होती," भाभी म्हणाली. "धरायची."

म्हणजे आता एकच उरली. जवाब आला नाही तर परत फिरायचं, आणि मग शुक्रवार संपले. मी डोळे मिटले, भिंतीचा आधार घेतला आणि माझ्या गळ्यात आहे हे मलाच माहीत नव्हतं, अशा आवाजात म्हणाले, "अस्सलामु अलैकुम! आपा, आम्ही आत येऊ का?"

चाचीच्या बांगड्यासुद्धा वाजेनात.

"व अलैकुम अस्सलाम."

जवाब आमच्या रांगेच्या टोकाकडून आला होता. अम्मीच्या पलीकडं, भाजीची पिशवी धरून, आमच्यासारखंच भिंतीकडं तोंड करून आपा उभ्या होत्या.

"या की आत," त्या म्हणाल्या. "फक्त जरा सरका. कुलूप काढू दे."