धरून की सोडून?

सीमाप्रश्नावरून साम्राज्यं कोसळतात, हे इतिहासाने पुन्हा पुन्हा दाखवून दिलं आहे. आमच्या ऑफिसात सीमाप्रश्नावरून एका डॉक्टरसाहेबांचे विश्वकिरण पुसले गेले. त्यावर यंत्राचा हिशेब ठेवणाऱ्या आमच्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारलं, "तीनशे धरून की सोडून?"

हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. तुम्ही कुठल्याही ऑफिसात नोकरी केली असेल तर असा एक प्रश्न आणि तो विचारणारं एक माणूस तुमच्याही ओळखीचं असणार.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. दक्षिण मुंबईतल्या आमच्या संस्थेत तेव्हा गणितं करणारं यंत्र आलं होतं. नुसत्या कपाटांनीच एक दालन भरलं होतं. यंत्राच्या स्मरणात हजारभर आकडे मावत, आणि प्रत्येक आकड्याच्या जागेला अनुक्रमांक होता. आमचे साहेब, म्हणजे संस्थेचे प्रमुख, त्या जागांना एक भारदस्त इंग्रजी नाव वापरत. बाई भोईवाड्याच्या चाळीत वाढलेल्या, वडील गिरणीत साचेवाले. त्या म्हणायच्या "खोल्या". महिन्याभरात साहेबही खोल्या म्हणू लागले.

कोणत्या खोल्या कुणाच्या, ते फळ्यावर मांडायचं काम बाईंचं. डॉक्टरांनी आपल्या किरणांच्या आकड्यांसाठी सांगितलं होतं, दोनशे ते तीनशे. एका तरुण संशोधकाने सांगितलं, तीनशे ते तीनशे चाळीस. दोघांनीही तीनशेमध्ये आपापला आकडा ठेवला. जो नंतर आला, त्याचा राहिला.

"अर्थात धरून," डॉक्टर म्हणाले.

"धरूनच," संशोधक म्हणाला.

"म्हणजे एका खोलीत दोन बिऱ्हाडं. चाळीत चालतं. इथे नाही चालत."

त्या दिवसापासून नियम झाला. आपली शेवटची खोली सांगायची नाही, पुढच्याची पहिली सांगायची. दोनशे ते तीनशे म्हणजे दोनशे आपली, तीनशे दुसऱ्याची.

"जी खोली माझी नाही, तिचा नंबर मी कशाला देऊ?" डॉक्टर कुरकुरले.

"तिथे शिरू नये म्हणून."

बाईंचा हा नियम ऑफिसात राहिला असता तर बरं झालं असतं. गिरगावच्या एका सभेत वक्त्याने गर्जना केली, "सोमवारपासून गुरुवारपर्यंत कडकडीत हरताळ!" टाळ्या थांबायच्या आत बाई उभ्या राहिल्या. "गुरुवार धरून की सोडून?"

वक्त्याने हात उंचावला. "ताई, हा लढा आहे!"

"हो ना. पण दूध गुरुवारी आणायचं की शुक्रवारी?"

"बरोबर बोलतायत हो त्या," मागून एक आवाज आला. व्यासपीठावर कुजबुज झाली आणि गुरुवार धरायचं ठरलं.

चाळीत मात्र नियमाने दगा दिला. वहिनीच्या हळदीकुंकवाची बोलावणी बाई स्वतः करत फिरल्या, एक ते बारा, म्हणजे त्यांच्या हिशेबाने बारा सोडून. बारा नंबरच्या काकू नटूनथटून दारात वाट बघत बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना जिन्यात गाठलं. "काय गो, बारा नंबर काय दर्यात बुडालो?"

बाई तबक घेऊन त्यांच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, "मी चुकले नाही, काकू. पण तुम्ही राहिलात." बाईंच्या तोंडून यापेक्षा मोठी माफी मी ऐकलेली नाही.

बाईंचं गाव मालवणकडे, खाडीकाठी. बोट समुद्रात उभी राहायची आणि तिथून पडावाने किनाऱ्यावर यायचं. ओहोटी लागली की पडाव गाळात रुतायचा. आजारी आईला गावी नेताना तो असाच रुतला. घर समोर दिसत होतं. भरतीची वाट बघता बघता आई गेली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही यंत्रातल्या जागेचा अंदाज देताना. "म्हणून मला वर्षभराच्या भरती-ओहोटीच्या वेळा काढायच्या आहेत. दोनशे खोल्या लागतील. सलग."

दिल्लीचे पाहुणे यंत्र बघायला यायचे होते. साहेब म्हणाले, "त्या दिवसापर्यंत सलग जागा निघाली तर चालवा. त्यानंतर यंत्र वर्षभर दुसऱ्यांना दिलं आहे."

फळ्यावर मोकळे तुकडे बरेच होते, पण प्रत्येक तुकडा ज्याने सोडला त्याच्या चौकटीत वेगळा. बाईंनी ते सुरुवातीच्या नंबरानुसार एकाखाली एक लिहिले.

"ह्याचा शेवट चारशे नव्वद, त्याची सुरुवात चारशे नव्वद. मधे कुणी राहतं?"

"नाही."

"मग भिंत कुणासाठी?" त्यांनी रेघ पुसली.

एक छोटा तुकडा मोठ्याच्या पोटातच होता, दोघांनी दोनदा सोडलेला. तो जोडताना त्याचाच शेवट धरून मी पट्टा आखूड केला.

"अहो, काय हे! जो शेवट लांबचा, तो ठेवायचा. आत कुणी बसलं म्हणून घर लहान होतं का?"

कुणीतरी त्याला संयुक्त पट्टा म्हणालं. साहेब दचकले. "सरकारी संस्थेत तो शब्द नको."

"बेरीज म्हणा, सर," बाई म्हणाल्या. "पण तुम्हीच मधे आहात."

खरंच होते. पाहुण्यांचं स्वागत छापणारा साहेबांचा प्रोग्राम पट्ट्याच्या मधोमध बसला होता. तो हलला तरच दोनशे भरत होते.

"स्वागत मध्यभागीच शोभतं," साहेब म्हणाले.

"सर, पाहुणे यंत्राच्या आत डोकावणार नाहीत."

साहेबांनी बराच विचार केला आणि हे मान्य केलं. बाईंनी स्वागत शेवटी नेलं, त्यातला खोल्यांचा एकेक नंबर हाताने बदलला, आणि मोकळ्या पट्ट्यात समुद्र भरला.

पाहुणे आले त्या दिवशी स्वागत छापून झालं आणि मागोमाग भरती-ओहोटीचे आकडे येऊ लागले. मुख्य पाहुण्यांनी घड्याळ बघत विचारलं, "हे पाचपर्यंत चालेल का?" प्रश्न बाईंच्या ओठांवर आलेला मी पाहिला. त्यांनी तो गिळला. नजर कागदावरून हलली नाही.

त्या वर्षी मी बोटीने कोकणात गेलो. बंदरावर बाईंचे भरती-ओहोटीचे तक्ते चिकटवलेले होते, आणि पडाववाला निघण्याआधी त्यांत बोट फिरवून बघत होता. आम्ही रुतलो नाही.

महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा ऑफिसात पेढे वाटले. बाईंनी पेढा हातात घेतला आणि विचारलं, "बेळगाव धरून की सोडून?" साहेबांनी खोका पुढे सरकवला. पेढे चांगले होते.

पुढे वडील गिरणीतून निवृत्त झाले, आणि बाई त्यांना घेऊन गावी गेल्या, शाळेत गणित शिकवायला. जायच्या दिवशी त्यांनी फळ्यावरून आपल्या खोल्या पुसल्या. दोन्ही बाजू मोकळ्याच होत्या. त्यांच्याच नियमाने मी तिन्ही तुकडे जोडले. मधे कुणी राहत होतं, याची खूण राहिली नाही.

एवढी सलग जागा फळ्यावर पूर्वी कधी झाली नव्हती. सोमवारी साहेबांनी ती स्वागतासाठी घेतली. आता त्याला चौफेर नक्षीही बसत होती.